सरांची मुलगी

मी शिकवायचे त्या दुसरीच्या वर्गात माझी मुलगी माझ्याच समोर पहिल्या ओळीत बसायची. गावातल्या बायकांना याचं मोठं कौतुक. बाईचीच पोरगी, तिला काय कमी, असं त्या तोंडावर म्हणायच्या आणि मी हसून पदर सावरायचे. तिला वाचता येत नव्हतं. हे तेव्हा फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होते.

धडा ती घडाघडा म्हणायची. पुस्तक हातात, बोट ओळीवर, आवाज खणखणीत. पण बोट एका शब्दावर असायचं आणि तोंड दुसऱ्याच शब्दावर. चित्र बघून तिला पान ओळखू यायचं, आणि पान ओळखलं की पुढचं सगळं पाठ. एकदा घरी मी चित्रावर हात ठेवला आणि मधलाच 'विहीर' हा शब्द विचारला. ती आधी शब्दाकडं, मग माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मम्मी, हात काढ ना," ती म्हणाली.

घरात होतो म्हणून मम्मी. शाळेत ती मला मॅडम म्हणायची, बाकीच्या पोरांसारखीच, आणि ते मीच तिला शिकवलं होतं.

आम्ही नवरा-बायको दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. लग्नानंतरची काही वर्षं ते पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला आणि मी परतूरकडं, अशी गेली. मग बदल्यांमध्ये नवरा-बायकोला जवळ आणायची सोय झाली आणि आम्ही दोघं जाफराबाद तालुक्यात आलो. टेंभुर्णीत भाड्यानं घर घेतलं. मला जवळच्या एका मोठ्या गावची शाळा मिळाली. तिथं वर्गाला एक खोली, एक शिक्षक. ह्यांना मिळाली त्याच गावापासून आत शेतातून गेल्यावर लागणारी वस्तीशाळा. दोन शिक्षक आणि पहिली ते चौथीची पोरं एकत्र. सकाळी आम्ही तिघं एकाच मोटारसायकलवर निघायचो. मला आणि मुलीला माझ्या शाळेच्या फाटकाशी उतरवून ते पुढं वस्तीकडं जायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. आता घरातही तेच तोंडात बसलंय.

बदली झाली तेव्हा मला ह्यांची दया आली होती, हे आधी सांगते. माझ्या शाळेत पंखे होते, ग्रामपंचायतीनं दिलेला टीव्ही होता, भिंती रंगवलेल्या होत्या. त्यांच्या वस्तीवर धनगरांची घरं. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरणारे. आता बहुतेकांकडं थोडी मक्याची, कापसाची शेती. काही जण मजुरीला जातात आणि काही घरांत अजून मेंढरं आहेत. मेंढरांमागं गेलेल्या घरातली पोरं महिनाभर शाळेत यायची नाहीत, आणि आली की अक्षरं पुसून गेलेली. अशा शाळेत सरांचं काय होणार, असं मला वाटायचं.

त्या वर्षी वाचनाचा जीआर आला. आमच्याकडं सगळं आधी मोबाइलवर येतं, तसा तोही ग्रुपवर येऊन पडला. दुसरीपासून पाचवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला ठरल्या मुदतीत वाचता आलं पाहिजे, आणि ते खरंच वाचतं का हे दुसऱ्या शाळेचा शिक्षक येऊन तपासणार. याआधी कायद्यानं मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं. त्याचं एक चांगलं होतं, पण एक वाईटही होतं. अक्षर न ओळखणारी पोरं चौथीत जाऊन बसायची आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. आता विचारणार होते. आमच्या शाळेतले बरेच जण कुरकुरले. सरकारला कागद काळे करायची हौसच आहे, असं म्हणाले. मला तो जीआर पटला होता. कुणी तरी एकदा खरं बघायलाच पाहिजे, असं मला कितीदा तरी वाटलं होतं. पण माझ्या पहिल्या ओळीत माझीच मुलगी होती आणि आता कुणी तरी परका माणूस तिच्या चित्रावर हात ठेवणार होता.

मी संध्याकाळी तिला घेऊन बसायला लागले. बसायला म्हणजे काय, मी चुलीपुढं आणि ती माझ्या बाजूला पुस्तक घेऊन. आमच्याकडं गॅस आहे, पण भाकरी मी मागच्या पडवीत चुलीवरच करते, सरांना तीच आवडते. भाकरी थापता थापता मी काना विचारायचे, मात्रा विचारायचे. पिठाच्या बोटानं ताटात 'क' काढायचे, त्याला वेलांटी द्यायचे. ती बरोबर सांगायची. अक्षरं तिला सगळी यायची. पण अक्षरं जोडून शब्द करायला सांगितलं की तिचं तोंड मिटायचं. मग माझा आवाज चढायचा. मग ती रडायची. भाकरी करपायची.

त्याच वेळी पुढच्या ओट्यावर सर बसलेले असायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यावर जाड पेनानं शब्द लिहीत. मोबाइलवर गाणी लावलेली. मध्येच स्वतःशी हसायचे. वस्तीवरच्या कुठल्या तरी पोराचं काही आठवलेलं असायचं. मला कात्रीचा आवाज ऐकू यायचा, कच कच. ह्यांना एवढा वेळ कुठून मिळतो, असं मला रोज वाटायचं. आणि त्याचं उत्तर माझ्यासमोर तव्यावर असायचं.

त्यांच्या शाळेची गोष्ट आधी पोरांनी गावात आणली, मग आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी. वस्तीवरची पोरं वाचायला लागलीत म्हणे. एके दिवशी गॅदरिंगच्या कामानं मला तिथं जावं लागलं आणि मी ते पाहिलं. सर पोरांना बोलू देतात आणि पोर बोललं तसंच फळ्यावर लिहितात. एक पोरगा म्हणाला, आमची कानी मेंढी काल व्याली, दोन कोकरं झाल्ती, एक न्हाई जगलं. सरांनी शब्दाला शब्द तेच लिहिलं. मग तोच पोरगा उठून फळ्याशी गेला आणि बोट ठेवून वाचायला लागला. त्याचं बोट आणि तोंड एकाच शब्दावर होतं. ते मी बघितलं. दुसऱ्या कुणी बघितलं नसतं, मी बघितलं. मग बाकीची पोरंही एकेक करून उठली. एका डोळ्यानं अधू ती कानी मेंढी त्यांना माहीत होती.

परत येताना मी म्हणाले, "फळ्यावर 'झाल्ती' काय लिहिता? पुस्तकात 'झाली होती' असतं. तपासणीला तेच येणार."

"आज झाल्ती वाचू दे," सर म्हणाले. "झाली होती कुठं पळून जात न्हाई."

माझं म्हणणं पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. तरी वाटभर, बरोबर असूनही, हरल्यासारखं वाटत होतं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रप्रमुखांनी सरांना नमुना पाठ घ्यायला लावला. सर वस्तीवरची एक मुलगी घेऊन आले होते. माझ्या मुलीच्याच वयाची, पुढचे दात तसेच पडलेले. केंद्रप्रमुखांनी स्वतः फळ्यावर एक वाक्य लिहिलं, पुस्तकात नसलेलं. मुलगी थांबली, ओठ हलवले, आणि सावकाश वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला त्या मुलीचा हेवा वाटला. मग तिच्या आईचा, जिला कदाचित स्वतःला वाचता येत नसेल. आणि शेवटी त्या माणसाचा, ज्याच्या गाडीवर मागं बसून मला घरी जायचं होतं. शेजारच्या मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, तुमची तर मजा आहे, घरातच शाळा. मी हो म्हणाले.

मी सरांना मुलीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. ती माझ्या वर्गात होती. तिचं न वाचणं माझं होतं. ते त्यांच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती.

मग मला प्रशिक्षणाचा आदेश आला. वाचन कसं शिकवायचं याचंच आठवडाभराचं प्रशिक्षण, जालन्याला, नवीन जालना भागात. मी रोज पहाटेच्या एसटीनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. माझ्या वर्गाची पोरं तिसरीच्या मॅडमकडं जोडली. सर म्हणाले, त्या वर्गात आधीच गर्दी आहे, पोरगीला मी घेऊन जातो वस्तीवर. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही.

हॉलमध्ये आम्हाला मोठ्या पडद्यावर सांगत होते, मुलाला अर्थाशी जोडा, मुलाच्या अनुभवातून शब्द घ्या. मी वहीत उतरवून घेत होते आणि मनात कानी मेंढी येत होती. दुपारच्या सुट्टीत बाहेर पडले की बियाण्याच्या कंपन्यांच्या पाट्या, बँकांच्या पाट्या, अडतीच्या दुकानांच्या पाट्या. मी त्या सगळ्या वाचत चालायचे. वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतात. एवढी सोपी गोष्ट माझ्या मुलीला मी देऊ शकत नाही, हे मला तिथं भर रस्त्यात लागून राहायचं.

शेवटच्या दिवशी मी टेंभुर्णीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दोघं मला घ्यायला आले होते. मुलगी गाडीच्या टाकीवर बसलेली. मी पिशवी अडकवत होते. ती समोरच्या हातगाडीकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

"ग-र-म. गरम. व... वडा." मग ती एकदम मागं वळली. "पप्पा, गरम वडा लिहिलंय तिथं."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तिनं पप्पांना सांगितलं.

सर हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "वाचायला लागली की गं." मला आनंद झाला, तो खरा होता, पण गाडीवर बसेपर्यंतसुद्धा टिकला नाही. वर्षभर नांगरट, पेरणी, खुरपणी मी केली आणि कणीस मोडायला हे आले. सरांनी गरम वडे घेतले, तिघांसाठी. मी खाल्ला नाही, प्रवासानं पोट बिघडलंय म्हणाले.

घरी गेल्या गेल्या मी तिला पुस्तक घेऊन बसवलं. नवं पान काढलं, चित्र नसलेलं. ती गप्प. मी म्हणाले, मघाशी वाचलंस तसं वाच. गप्प. मी वाट बघितली. तिनं ओठ उघडले आणि मिटले. स्टँडवर जे आलं होतं ते माझ्यापुढं येत नव्हतं.

"पप्पांपुढं येतं आणि माझ्यापुढं का येत न्हाई?" मी विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

ती पुस्तकाच्या कोपऱ्याशी खेळायला लागली.

"तू माझ्या तोंडाकडं बघत राहतीस," ती म्हणाली.

"मंग कुठं बघू?"

"पप्पा न्हाई बघत. ते त्यांचं काम करून राह्यलेले असतात."

मी उठले. काय करावं कळेना म्हणून परात घेतली आणि तिच्याकडं पाठ करून पीठ मळायला बसले. वाचायचं तर वाच, न्हाई तर राहू दे, असं म्हणाले. पहिल्यांदा काहीच नाही. मग पान सरकल्याचा आवाज. मग अगदी हळू, जसं कुणी अंधारात पाय टाकून बघतं तसं, एक शब्द. चुकला. मी वळले नाही. तिनं तोच शब्द पुन्हा घेतला आणि बरोबर वाचला. पूर्ण ओळ झाली. मग दुसरी. पीठ केव्हाच मळून झालं होतं, तरी मी मळत राहिले.

त्यानंतर आमचं वाचन असंच चालायचं, माझ्या पाठीमागं. वर्गातही मी खुर्ची उचलून मागच्या भिंतीला लावली. पोरं फळ्याकडं तोंड करून वाचायची आणि मी त्यांच्या मागं. काही पोरं, जी माझ्यासमोर थरथरायची, ती सैल झाली. माझा वर्ग सुधारला. हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मुलीनं सांगितलं होतं, आणि तिला ते तिच्या पप्पांकडं बघून कळलं होतं. म्हणजे फिरून तिथंच.

तपासणीचा दिवस आला. दुसऱ्या केंद्रातले एक वयस्कर गुरुजी आले होते, निवृत्तीला आलेले, शांत. नियमाप्रमाणं वर्गशिक्षकानं बाहेर थांबायचं. मी खिचडीच्या शेडपाशी जाऊन उभी राहिले. स्वयंपाक करणारी मावशी तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, मॅडम, तुम्हाला बाहेर काढलं काय? मी म्हणाले, आज माझीच परीक्षा आहे. ती म्हणाली, मंग बसा की, उभ्यानं काय पेपर सुटतोय. मी बसले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले.

गुरुजी बाहेर आले तेव्हा केंद्रप्रमुखही येऊन पोचले होते. गुरुजींनी सांगितलं, वर्ग चांगला आहे, दोन-तीन लेकरं अडखळतात, त्यांची नावं मॅडमला दाखवतो, बाकी बरोबर वाचतात. मग म्हणाले, पहिल्या ओळीतली एक मुलगी फार छान वाचते, घाई करत नाही, अर्थ लावत वाचते. कुणाची मुलगी?

मी तोंड उघडणार तेवढ्यात केंद्रप्रमुख म्हणाले, "अहो, ती आपल्या सरांची मुलगी. वस्तीशाळेवाल्या. ती वाचणारच."

गुरुजींनी मान डोलवली. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते. हातात अजून तांदळातले खडे होते. ती माझ्या वर्गात होती, माझ्या पटावर होती, माझ्या पोटची होती, आणि ती सरांची मुलगी होती म्हणून वाचत होती. केंद्रप्रमुखांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते भले माणूस. त्यामुळं मला रागावताही येईना. मी गुरुजींना चहा दिला.

त्या संध्याकाळी गाडीवर मी बोलले नाही. घरी मुलगी शेजारी खेळायला गेली आणि सरांनी विचारलं, काय झालं. मी झालेलं सांगितलं. ते हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मग मी जे वर्षभर तव्यावर उलटत होते ते सगळं बोलले. म्हणाले, तुम्ही ओट्यावर बसून कार्डं कापता तेव्हा आत भाकरी कोण थापतं? तुमच्या पोरांची नावं, त्यांच्या मेंढ्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. माझ्या वर्गातल्या एका तरी पोराचं नाव सांगा. पोरगीला अक्षर न् अक्षर मी शिकवलं, तिच्या आणि माझ्या रडण्यातून शिकवलं, आणि तुम्ही आठवडाभर तिला गाडीवर फिरवलं तर ती सरांची मुलगी झाली.

सरांनी गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली.

"तिला वाचता येत न्हाई हे मला दिवाळीपासून माहीत होतं," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो न्हाई."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. मी एवढ्या जिवानं जे लपवत होते ते ह्यांनी आधीच बघून ठेवलं होतं आणि वरून माझ्यावर माया केली होती. त्या मायेचा मला आणखीच राग आला.

मग ते म्हणाले, "अक्षरं तूच शिकवली तिला. माझ्याकडं आली तवा सगळी तयारच होती. मी फक्त गप बसलो."

खरं होतं ते. आणि किती सरळ बोलले. असं सरळ बोलणं त्यांना जमतं, मला जमत नाही, याचाही मला हेवा वाटला. पण राग थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी ते कात्री, लग्नपत्रिका सगळं उचलून चुलीपाशी येऊन बसले. भाकरी थापायला गेले तर परातीतच फाटली. ते काम मीच केलं, पण भाजी तेव्हापासून ते चिरतात, आणि माझ्या वर्गाची कार्डंही तेच कापतात. पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांनी उभं राहून माझं नाव घेतलं, मागं खुर्ची लावायची युक्ती माझी आहे म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी मागून म्हणालं, बघा, सर किती मोठ्या मनाचे आहेत.

आता ती चौथीत आहे आणि आमच्या दोघांच्याही वर्गात नाही. शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं आणते, ओट्यावर पालथी पडून वाचते, तोंडानं नाही, मनात. ओठसुद्धा हलत नाहीत. परवा सर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारायला लागले, काय आहे त्यात, कोणाची गोष्ट आहे, मोठ्यानं वाच की जरा. ती म्हणाली, "थांबा ना पप्पा." डोकं वर काढलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं कूस बदलून पाठ केली.

सर आत आले. माझ्यासमोर पाटावर बसले.

"ती माझ्याशी बोलतच न्हाई आजकाल," ते म्हणाले. "पुस्तक सोडून काही दिसत न्हाई तिला."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते तोंड मी ओळखत होते, त्या वर्षभर आरशात बघितलेलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्यापुढं चहा ठेवला. मग वाटलं आपण बघावं, मला तरी सांगेल. मी आतूनच हाक मारली, काय वाचतीस गं?

ओट्यावरून पान उलटल्याचा आवाज आला, उत्तर आलं नाही. सरांनी बशीत चहा ओतला आणि अर्धा कप माझ्याकडं सरकवला.